भिंतीवरील तसबीर : जपानी काष्ठमुद्राचित्रांची पुनर्मुद्रणे आणि मराठी घराची सजावट

प्रस्तावना

गृहअर्थशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात गृहसजावटीचे प्रकरण शिकविताना भिंतीवरील चित्रांच्या वाट्याला सहसा दोन परिच्छेद येतात. प्रमाण, समतोल, लय, ठळकपणा आणि सुसंवाद ही तत्त्वे सांगून झाली, की ‘चित्र दृष्टीच्या पातळीवर लावावे’ हे वाक्य येते. विद्यार्थिनी ते उत्तरपत्रिकेत लिहितात व त्याला गुणही मिळतात. परंतु दृष्टी कोणाची, उभ्या माणसाची की सतरंजीवर बसलेल्या माणसाची, आणि चित्र पाहावयाचे आहे की पूजावयाचे आहे, हे प्रश्न त्या वाक्यात येत नाहीत. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या आधारे एका विशिष्ट प्रकारच्या चित्राचा विचार करावयाचा आहे. तो प्रकार म्हणजे जपानी काष्ठमुद्राचित्रांची चौकटीत बसविलेली पुनर्मुद्रणे.

हा विषय बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात परका वाटण्याची शक्यता आहे. तथापि गेल्या काही वर्षांत ऑनलाइन खरेदी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्यामुळे निळ्या लाटेचे ते सुप्रसिद्ध चित्र आता आपल्याकडील नव्या सदनिकांत, दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षांत आणि मोबाईलच्या मागील आवरणावरही दिसू लागले आहे. चित्र येते, पण त्याची माहिती येत नाही. ते कोणी काढले, मूळ केवढे होते आणि कोठे बसून पाहिले जात होते हे ठाऊक नसल्याने त्याची गत रंगीत वॉलपेपरसारखी होते. दुसरीकडे, त्याच घराच्या माळ्यावर आजीच्या काळातील लक्ष्मीची किंवा रामपंचायतनाची तसबीर कागदात गुंडाळून पडलेली असते. या दोन मुद्रित चित्रांचे नाते वरवर पाहता जाणवते त्यापेक्षा बरेच निकटचे आहे, आणि एकीला नीट लावण्याची जाण आली तर दुसरीही वाचू शकते, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

काष्ठमुद्राचित्राचे स्वरूप

सतराव्या शतकापासून जपानमधील एदो, म्हणजे आजचे टोकियो, या शहरात व्यापारी व कारागीर वर्ग वाढत गेला. अठराव्या शतकात या शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती. नाटकगृहे, नट, सुंदर स्त्रिया, कुस्तीगीर, यात्रास्थळे अशा या नागर जीवनातील विषयांवर जी चित्रे निघाली त्यांना ‘उकियो-ए’ म्हणतात. ‘तरंगत्या जगाची चित्रे’ असा त्याचा शब्दार्थ आहे. प्रारंभीचे छाप काळ्या शाईचे असत व त्यांत हाताने रंग भरीत. १७६५ मध्ये सुझुकी हारुनोबू याच्या चित्रांपासून अनेक ठशांनी पूर्ण रंगीत छपाई करण्याची पद्धत रूढ झाली.

या चित्रामागे चार माणसे असत. प्रकाशक भांडवल घाली व विषय ठरवी. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. ते रेखाटन चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटे चिकटवून कोरक्या रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकी. म्हणजे मूळ रेखाटन कोरण्यातच नाहीसे होई. त्यानंतर प्रत्येक रंगासाठी एक वेगळा ठसा कोरला जाई. छापणारा ठशावर ब्रशने पाण्यातील रंग व तांदळाची खळ लावी, ओलसर कागद त्यावर ठेवी आणि बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या गोल चकतीने पाठीमागून घासे. यंत्र कोठेही नाही. दहा-बारा ठशांचे रंग एकमेकांवर अचूक बसावेत म्हणून प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात व कडेला खाच ठेवलेली असे व कागद तिला टेकवून लावीत. आकाशाच्या वरच्या कडेला गडद निळा आणि खाली येताना फिकट होत गेलेला जो पट्टा या चित्रांत दिसतो, तो ठशावरचा रंग ओल्या फडक्याने किंवा ब्रशने प्रत्येक वेळी हातानेच पुसून साधलेला असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या कलेत ‘मूळ चित्र’ असे एकच एक नसते. चित्राचा जन्मच मुळी शेकडो प्रतींच्या रूपात होतो. एका छापाची किंमत साधारणतः एक-दोन वाडगे नूडल्सच्या किमतीएवढी असे, अशी तुलना अभ्यासक करतात. कात्सुशिका होकुसाई (१७६०–१८४९) याची ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ ही माला १८३० च्या सुमारास निघाली. ती इतकी खपली की प्रकाशकाने आणखी दहा चित्रे जोडून ती सेहेचाळीसवर नेली आणि नाव मात्र छत्तीसच ठेवले. लाटेचे चित्र याच मालेतील आहे. त्याच्या शंभराहून अधिक जुन्या प्रती आज जगभरातील संग्रहांत शिल्लक आहेत. जुलै २०२४ पासून चलनात आलेल्या जपानच्या हजार येनच्या नोटेवरही हीच लाट आहे. उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) याची ‘तोकाइदो मार्गावरील त्रेपन्न मुक्काम’ ही माला १८३३-३४ ची, आणि एदोमधील स्थळांची माला १८५६ ते १८५८ मधील. पुलावर अचानक कोसळणारा पाऊस आणि छत्र्या-घोंगड्या सावरीत धावणारी माणसे हे १८५७ चे चित्र या शेवटच्या मालेतील आहे. पावसाची प्रत्येक सरळ रेषा म्हणजे लाकडात उंच ठेवलेली केसाएवढी धार आहे, हे समजल्यावर ते चित्र पाहण्याची आपली रीतच बदलते.

रंगांविषयी आणखी एक माहिती आपल्या भागातील वाचकास जिव्हाळ्याची वाटेल. या चित्रांतील जुना लाल व गुलाबी रंग करडईच्या पाकळ्यांपासून काढीत. आपण ज्या करडईचा रब्बीत तेलासाठी पेरा करीत आलो, आणि ज्या पिकाचे क्षेत्र आता बरेच आक्रसले आहे, तिच्याच फुलांनी एदोतील स्त्रियांच्या ओठांना व चित्रांतील किमोनोंना रंग दिला. हा रंग उन्हात लवकर उडतो. जुना निळाही एका फुलापासून निघे व तोही टिकत नसे. होकुसाईच्या काळात युरोपातून आलेला रासायनिक ‘प्रशियन निळा’ स्वस्त झाला आणि निळाईने भरलेल्या निसर्गचित्रांची जणू लाटच आली. तो बर्लिनमध्ये प्रथम तयार झाला म्हणून जपानी लोक त्याला ‘बेरो’ म्हणत.

जपानी घरात हे चित्र कोठे असे?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जपानी घरात ही चित्रे काचेच्या चौकटीत टांगलेली नसत. ती हातात धरून, जवळून पाहण्याची वस्तू होती. लोक ती वहीत लावून ठेवीत, घडीच्या पडद्यांवर चिकटवीत, मित्रांना दाखवीत. खांबावर लावण्यासाठी मात्र खास उंच व अरुंद छाप निघत. त्यांची उंची सुमारे ७० सेंटिमीटर व रुंदी जेमतेम १२ सेंटिमीटर असे. नेहमीच्या मोठ्या छापाचा आकार सुमारे ३८ बाय २५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण वर्तमानपत्राच्या घडी केलेल्या पानाएवढा. बैठकीच्या खोलीत ‘तोकोनोमा’ नावाचा एक कोनाडा असतो. त्यात गुंडाळीचे एकच चित्र व फुलांची एक रचना ठेवतात आणि ऋतूप्रमाणे दोन्ही बदलतात. बघणारा चटईवर बसलेला असतो. त्यामुळे त्या खोलीतील सर्व उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी ठरलेली आहे.

चौकटीत घालून भिंतीवर ओळीने लावण्याची रीत युरोपची. १८५४ नंतर जपानची बंदरे उघडली तेव्हा हे छाप मोठ्या संख्येने तिकडे गेले. चित्रकार क्लोद मोने याने १८८३ पासून ज्या घरात वास्तव्य केले, त्या जिव्हेर्नी येथील घराच्या पिवळ्या भोजनकक्षात जपानी छापांच्या चौकटी भिंतभर लावलेल्या आहेत. व्हॅन गॉगने हिरोशिगेच्या त्या पावसाच्या चित्राची तैलरंगांत नक्कल १८८७ मध्ये केली. आज आपण जी ‘जपानी सजावट’ म्हणून विकत घेतो ती बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच घराची सजावट आहे. अर्थात त्यात गैर काही नाही. वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जाताना तिचे स्थान बदलतेच. मात्र ती कोठून कोठे आली हे ठाऊक असावे.

मराठी घरातील तसबीर

मराठी घराच्या भिंतीवर मुद्रित चित्र आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा सुरू केली. रामपंचायतनासारखी देवादिकांची आणि मराठ्यांच्या इतिहासातील पुरुषांची रंगीत शिळाछाप चित्रे तेथून निघू लागली. योगायोग असा की याच वर्षी, फेब्रुवारी १८७८ मध्ये, शेगावी गजानन महाराज प्रकट झाले असे भक्त मानतात. पुढे त्यांचीच तसबीर या जिल्ह्यातील घरोघरी, दुकानोदुकानी आणि एस.टी.च्या चालकासमोरही स्थिरावली.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे नेण्यात आला व विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत तो नष्ट झाला. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी काम केले होते. येथील चित्रांना ‘ओलिओग्राफ’ म्हणतात. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्यावर तेलकट शाईने काढलेली आकृती, पाणी व तेल एकमेकांत मिसळत नाही या तत्त्वावर होणारी छपाई, आणि शेवटी तैलचित्राचा आभास यावा म्हणून वार्निश किंवा कॅनव्हाससारखा उठाव अशी ही रीत होती. जपानी छापात ठसा लाकडाचा व उंचवट्याचा, येथे दगडाचा व सपाट, एवढा तांत्रिक भेद सोडला तर व्यवहार सारखाच आहे. चित्रकार एक, तंत्रज्ञ दुसरे, पैसा तिसऱ्याचा, आणि गिऱ्हाईक कधी चित्रकाराला न भेटलेले सामान्य कुटुंब.

फरक पाहण्याच्या रीतीत पडला. आपल्याकडे मुद्रित चित्र मुख्यतः देव म्हणून घरात आले. म्हणून ते देवाच्या जागी, म्हणजे उंच, गेले. धाब्याच्या जुन्या घरांत ओसरीच्या किंवा माजघराच्या भिंतीला आढ्याखाली लाकडी पट्टी ठोकलेली असे व तिच्यावर तसबिरी रांगेने टेकविलेल्या असत. त्यांचा वरचा भाग दोरीने पुढे झुकविलेला असे. हा झुकाव अडाणीपणाचा नव्हता. त्यामुळे खाली बसलेल्या माणसाला चित्राचा चेहरा समोर दिसे, काचेवर दाराच्या उजेडाची तिरीप चमकत नसे, आणि मागे हवा खेळती राहून भिंतीची ओल कागदाला लागत नसे. आजच्या सजावटीच्या पुस्तकांत सांगितलेल्या तीन सूचना एका दोरीच्या तुकड्याने साधलेल्या होत्या.

घरातील स्त्रियांनी या छापील चित्रांना आपलेसे करण्याची एक रीतही काढली होती. लक्ष्मीच्या किंवा सरस्वतीच्या चित्रावर साडीच्या जागी खरे कापड, दागिन्यांच्या जागी मोती, टिकल्या व जरीचे तुकडे लावून ती काचेत बसवीत. हजारो प्रतींपैकी एक असलेले चित्र अशा प्रकारे एकमेव होई. सजावट हा शब्द येथे शब्दशः लागू पडतो. पुढील काळात दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे व दिनदर्शिका सजल्या. वर्ष संपले की दिनदर्शिकेचे चित्र कापून चौकटीत जाई. जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा याच जिल्ह्यात असल्याने जिजाऊ व बाल शिवाजी यांची तसबीर येथील बैठकीत देवांच्या बरोबरीने आढळते.

जपानचा आणि या तसबिरींचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतात येणाऱ्या जपानी काडेपेट्यांवर हिंदू देवतांची रंगीत लेबले असत व त्यांतील काही रविवर्म्यांच्या चित्रांवरून घेतलेली होती. १९२०–३० च्या सुमारास जपानमध्ये तयार झालेल्या उठावाच्या रंगीत फरशांवरही आपले देव होते आणि त्या भारतीय घरांच्या भिंतींत बसविल्या गेल्या. म्हणजे जपानी कारागिराने छापलेले चित्र भारतीय घरात शंभर वर्षांपूर्वीच येऊन बसले होते. ते जपानी आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही इतकेच.

दुसरा धागा तर आपल्या उंबऱ्याशी येतो. बुलढाणा शहर ज्या डोंगररांगेवर वसले आहे तिलाच अजिंठ्याचे नाव आहे. जपानी काष्ठमुद्राचित्रांचे विसाव्या शतकात जे नवे पर्व सुरू झाले त्यातील एक प्रमुख चित्रकार योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) हे १९३०-३१ मध्ये भारतात आले होते. परतल्यावर त्यांनी ताजमहाल, काशी, उदयपूर, कांचनगंगा यांच्याबरोबरच अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांचीही काष्ठमुद्राचित्रे केली. कातळाच्या अंधारातील तपकिरी छटा त्यांनी एकावर एक अनेक ठसे छापून साधल्या आहेत. एकाच ठशांच्या संचावर रंग बदलून सकाळ, दुपार, धुके, रात्र दाखविणे ही त्यांची खास रीत होती. त्यांची शिडाच्या होड्यांची चित्रे या दृष्टीने प्रसिद्ध आहेत. आपल्या घरात जपानी चित्र लावावयाचेच असेल तर परदेशी लाटेऐवजी, किंवा निदान तिच्या जोडीला, आपल्याच डोंगरातील लेण्याचे जपानी चित्र का असू नये?

पुनर्मुद्रण निवडताना

पुनर्मुद्रण लावण्यात कमीपणा नाही हे वर आलेच आहे. मात्र पुनर्मुद्रणांचेही प्रकार आहेत. टोकियोतील अदाची संस्थेसारख्या ठिकाणी जुन्या चित्रांचे ठसे नव्याने कोरून, हातकागदावर, पूर्वीच्याच रीतीने छाप काढतात. ते महाग असतात व परदेशातून मागवावे लागतात. दुसरा प्रकार छायाचित्रावरून यंत्राने छापलेल्या प्रतींचा, व आपल्या बाजारात मिळतो तो हाच. तिसरा मार्ग स्वतः छापून घेण्याचा आहे आणि मध्यमवर्गीय घरासाठी तोच सर्वांत चांगला, असे लेखिकेस वाटते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये व शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये हक्कमुक्त कलाकृतींची मोठ्या आकाराची छायाचित्रे विनामूल्य खुली केली. त्यांत होकुसाई व हिरोशिगे यांची शेकडो चित्रे आहेत. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे या जुन्या चित्रकारांबाबत अडचण उद्भवत नाही.

छापून घेताना पहिला मोह मोठ्या आकाराचा होतो. चार फुटी लाट फ्लेक्सवर काढून सोफ्यामागे लावलेली आढळते. हे टाळावे. ३८ सेंटिमीटरच्या कागदासाठी कोरलेली रेषा चार फुटांवर दोरखंडासारखी जाड दिसते आणि होडीतील ती वाकलेली माणसे, जी शोधून सापडावीत अशी योजना आहे, एकदम अंगावर येतात. फ्लेक्सची चकाकी तर या चित्राच्या प्रकृतीच्या अगदी विरुद्ध आहे, कारण मूळ रंग कागदाच्या धाग्यांत मुरलेला व निस्तेज पोताचा असतो. मूळ आकारात किंवा फार तर दीडपट आकारात, चकाकी नसलेल्या जाड सुती कागदावर छाप काढावा. तालुक्याच्या ठिकाणच्या डिजिटल छपाईच्या दुकानात असा कागद नसेल तर आपण आणून द्यावा. दुकानदार ‘रंग जरा उठावदार करतो’ असे म्हणतो, तेव्हा त्याला नम्रपणे थांबवावे.

दुसरा मुद्दा कडांचा. चित्रातील उभ्या चौकोनात मालेचे व दृश्याचे नाव, बाजूला चित्रकाराची सही, कोठे प्रकाशकाचा शिक्का आणि कोठे शासकीय तपासनिसाची मोहर असते. ती नक्षी नसून चित्राची ओळख आहे. बाजारातील अनेक प्रतींत ती छाटलेली असते, अशा प्रती घेऊ नयेत. तीन कागदांवर पसरलेले एकच दृश्य असेल तर त्याचा पहिला कागद उजवीकडे येतो, कारण जपानी लेखन-वाचन परंपरेने उजवीकडून डावीकडे जाते. आपल्या सवयीने डावीकडून सुरुवात केली तर नदी मध्येच तुटते व नटाचा अर्धा हात भलत्याच कागदावर जातो.

चौकट, काच आणि भिंत

चौकट बारीक, सरळ व लाकडी असावी. सोनेरी वेलबुट्टीची फायबर पट्टी देवाच्या तसबिरीला शोभते, येथे ती चित्राशी भांडते. चित्राभोवती मळकट पांढऱ्या रंगाचा जाड पुठ्ठा, ज्याला फ्रेमवाले ‘माउंट’ म्हणतात, तो दोन ते अडीच इंच रुंदीचा ठेवावा. याचे काम केवळ शोभेचे नाही. त्याच्या जाडीमुळे काच कागदाला टेकत नाही. काच टेकली तर पावसाळ्यात दमट हवेने कागद तिला चिकटतो आणि पुढे सोडविताना रंगासह निघतो. साध्या पुठ्ठ्यातील आम्लाने कागदावर काही वर्षांत तपकिरी चौकोन उमटतो, म्हणून आम्लरहित पुठ्ठा मागावा. तो जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही, पण अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरहून आणविता येतो. मागे वर्तमानपत्र भरण्याची आपल्याकडील सवय अगदी सोडावी. तो कागद सर्वांत आम्लयुक्त, आणि कसर व वाळवी या दोघींना आमंत्रण देणारा. चित्र पुठ्ठ्याला फेविकॉलने सर्व बाजूंनी चिकटवू नये. वरच्या कडेला कागदाच्या दोन पट्ट्या व खळ पुरेशी होते. खळीत चिमूटभर मोरचूद टाकण्याची जुनी रीत वह्यांच्या बांधणीत होती, पण चित्रासाठी ती वापरू नये, डाग पडतो.

भिंतीची निवड आपल्या हवामानाने ठरते. पश्चिमेची व पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळावी. आतील दोन खोल्यांमधील भिंत उत्तम. खिडकीसमोरची भिंत उजेडामुळे मोहक वाटते, पण तीच रंगाची वैरीण आहे. संग्रहालये जुनी काष्ठमुद्राचित्रे साधारण ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात आणि तीही काही काळापुरतीच मांडतात. आपल्या डिजिटल प्रतीला एवढे जपण्याचे कारण नाही. तरी विदर्भातील एप्रिल-मेचे ऊन थेट पडले तर दोन उन्हाळ्यांत लाल उडून चित्र निळसर होते. चौकटीच्या मागील खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंत व चित्र यांत बोटभर अंतर राहते.

उंचीचा प्रश्न सुरुवातीस उपस्थित केला होता. ज्या खोलीत माणसे दिवाणावर किंवा सतरंजीवर बसतात तेथे चित्राचा मध्य जमिनीपासून साडेतीन ते चार फुटांवर यावा. आपल्याकडील पाहुण्यांना हे फार खाली वाटते. ‘खिळा चुकला का?’ असेही विचारले जाते. परंतु बसल्यावर तेच चित्र समोर येते आणि मग पाहुणा उठून जवळ जातो, होड्या मोजतो. जेथे सर्व जण उभे असतात, उदाहरणार्थ जिन्यात किंवा ओसरीच्या दाराशी, तेथे मध्य पाच फुटांच्या आसपास ठेवावा. देवांच्या तसबिरींच्या रांगेत हे चित्र बसवू नये. दोघांची पाहण्याची रीत वेगळी असल्याने दोघेही अवघडतात.

तोकोनोमातील ऋतुबदलाची रीत मात्र आपल्याला सहज घेता येईल. सणाप्रमाणे आपण तोरण बदलतो, रांगोळी रोज बदलतो, पण तसबीर एकदा खिळ्यावर गेली की पिढीभर हलत नाही. चौकटीची पाठ खिळ्यांऐवजी फिरत्या पत्र्याच्या कड्यांनी बसवून घेतली तर एकाच चौकटीत चार चित्रे आलटून-पालटून लावता येतात. मृगाच्या सुमारास हिरोशिगेचा पाऊस, थंडीत त्याचेच बर्फाने दबलेले कांबारा गाव, उन्हाळ्यात होकुसाईची निळाई. एक चित्र बाहेर असताना तीन अंधारात विश्रांती घेतात, त्यामुळे रंगही टिकतो, आणि घरातील मुलांना ‘आज काय बदलले’ हे पाहण्याची सवय लागते.

माळ्यावरील तसबिरी

आता पुन्हा माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या त्या तसबिरीकडे वळावयाचे. धाब्याची घरे पाडून स्लॅबची घरे बांधण्याचे काम आपल्या गावांत वेगाने चालू आहे. सामान हलविताना काच तडकलेली किंवा कसर लागलेली तसबीर घरात ठेवू नये या समजुतीने ती पिंपळाच्या पारावर ठेवली जाते किंवा नदीत सोडली जाते. नदीकाठच्या देवळामागे अशा चौकटींची रास अनेकांनी पाहिली असेल. श्रद्धेचा प्रश्न लेखिका नाकारीत नाही. परंतु तडकली आहे ती काच, चित्र नव्हे. काच बदलता येते. ओल आलेला कागद सावलीत, दोन टीपकागदांमध्ये वजनाखाली वाळविता येतो. वर जपानी पुनर्मुद्रणासाठी जे आम्लरहित पुठ्ठ्याचे, अंतराचे व भिंतीचे सांगितले तेच शंभर वर्षांच्या शिळाछापास लागू पडते, किंबहुना त्यालाच अधिक. कारण डिजिटल प्रत पुन्हा काढता येते. मळवलीचे दगड आणि छापखाना मात्र आता उरलेला नाही.

म्हणून तसबीर पारावर नेण्यापूर्वी तिची पाठ हलक्या हाताने उघडावी. चौकटीच्या पट्टीखाली झाकलेल्या खालच्या कोऱ्या कडेवर बारीक अक्षरात छापखान्याचे नाव असते व काही वेळा चित्राचे शीर्षक आणि क्रमांकही असतो. पाठीमागच्या फळीवर ती बसवून देणाऱ्या दुकानाचा शिक्का किंवा कोणी पेन्सिलीने लिहिलेली लग्नाची, वास्तुशांतीची तारीख सापडू शकते. ही अक्षरे कापून टाकू नयेत. नव्या चौकटीत पट्टी जरा बाहेर सरकवून ती दिसू द्यावीत, आणि पाठीमागची फळी बदलावी लागली तर तिच्यावरील मजकूर उतरवून घेऊन नव्या फळीवर पेन्सिलीनेच लिहावा. शाई पुढे झिरपते.